आई ‘येते’ म्हणते तेव्हा

प्रिय दादा,

आमच्या गेमचं कुठवर आलं, असं तू विचारलं होतंस. परवा कॉलेजात द्यायचा आहे. चौघांचं शेवटचं वर्ष त्यावर टांगलेलं, आणि गाडं दारातच अडलं होतं.

गोष्ट मी लिहिलेली. आई कामाला बाहेर पडते, परतत नाही, मुलगी तिला शोधायला निघते. आईला संवाद एकच: ‘येते.’ आमचा कोड लिहिणारा, ज्याला आम्ही शास्त्रीबुवा म्हणतो, शब्दाला इतका धरून चालणारा की त्याने ‘येते’ वाचलं आणि आईला आत आणलं. ती दारापर्यंत जायची, ‘येते’ म्हणायची आणि वळून घरात यायची. पुन्हा जायची, पुन्हा यायची. आई घरात असेपर्यंत मुलीला दार उघडत नाही, त्यामुळे गोष्ट पुढे सरकेना. आम्ही हसून लोळलो. निघताना ‘जाते’ म्हणू नये, एवढंही घरी शिकवलं नाही का, म्हणून त्याला पिडलं.

आवाज आपल्या आईचा आहे. घुमू नये म्हणून कपाटातल्या कपड्यांत तोंड खुपसून तिने तो दिला. एवढी पोरगी पोसली आणि माझ्या वाट्याला एकच शब्द, म्हणून कुरकुरली. मग तोच दहा सुरांत म्हणून दाखवला. पुढे दवाखान्यात निघतानाही दारात तेच म्हणाली. त्या खेपेला आली नाही.

तेव्हापासून मला रडू आलेलं नाही. शेजारच्या काकू म्हणतात, पोरगी धीराची. धीर कसला, बधीर झालेय. जेवते, कॉलेजला जाते, बाबांच्या गोळ्या काढून ठेवते. बाबा टीव्ही लावतात आणि आवाज बंद ठेवतात.

ती चूक दुरुस्त करायला कुणी धजेना. तिघंही माझ्यासमोर खाली बघत बसायचे. शेवटी काल मीच बसले. एक ओळ बदलली. आई ‘येते’ म्हणाली, गेली, दार लागलं. मुलगी रस्त्यावर आली. शास्त्रीबुवा रडला. मी चहा आणायला उठले.

तो गेम सरांकडे जाईल. जुना, चुकलेला, या पत्रासोबत पेनड्राइव्हवर तुला पाठवतेय. तुझं विमान उतरेपर्यंत सगळं आटोपलं होतं, तुला ती भेटलीच नाही. यात चेहरा तिचा नाही, आवाज मात्र तिचाच आहे. हवं तितक्यांदा येऊ दे तिला. पण मन भरलं की तूच तो बंद कर. मी कितीदा तरी बसले, दादा. ती आत येत असते आणि माझ्याच्याने बंद होत नाही.

तुझीच,
भिंगरी