हेलियन नऊशे आणि माझी भूमिका

५ जानेवारी, सकाळी ७.४०
वामनराव फेब्रुवारीत विमानाने सिंगापूरला चाललेत. डोणगावचे वामनराव. माझे साडू. गणितात दोनदा नापास, आता सोयाबीन-तुरीची अडत. लेक निवेदिता तिकडे नोकरीला आहे, तिने आईबापाला बोलावलंय. मला बातमी कळली ती व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून. त्यावर तिकिटाचा फोटो! देवदर्शनाचा फोटो टाकतात तसा.
मी चौतीस वर्षं खामगावात विज्ञान शिकवलं. विमान का उडतं, हे फळ्यावर दरवर्षी काढलं. स्वतः बसलो नाही, कारण योग आला नाही. हेवा वगैरे काही नाही.
शारदा म्हणाली, "बरं झालं बाई, आशाताई विमानात बसन." मी अर्धा चहा टाकून दिला. साखर जास्त होती.

५ जानेवारी, दुपारी
तिकिटाचा फोटो मोठा करून पाहिला. विमान: हेलियन ९००.
हेलियन ९००!! ज्याच्या शेपटीला हवेत हादरे बसायचे, दोनदा तातडीने उतरवावं लागलं, प्रवासी जखमी झाले, जगभर चौदा महिने जमिनीवर ठेवलं, तेच. नोव्हेंबरपासून दुरुस्त करून परत सोडलंय आणि रोज संध्याकाळी टीव्हीवर त्यावरून भांडणं चालू आहेत. कंपनी म्हणते सुरक्षित. कंपनीचेच जुने इंजिनियर म्हणतात, घाई केली.
एकदम फार बरं वाटलं. म्हणजे, काळजी वाटली.

६ जानेवारी
संकल्प: १) हेलियनचा सखोल अभ्यास. २) वामनरावांना वाचवणे. ३) रोज फिरायला जाणे.

९ जानेवारी
फिरायला गेलो नाही, अभ्यास फार. फॅमिली ग्रुपवर हेलियनचे अकरा व्हिडिओ पाठवले. वामनरावांचं उत्तर: हात जोडल्याचं चित्र. आशाबाईंचं उत्तर: सिंगापूरच्या बागेचा फोटो. माणसं धोक्याकडे पाहतच नाहीत.

१४ जानेवारी, संक्रांत
डोणगावला गेलो. तीळगूळ घेतल्यावर पोळपाट आणि लाटणं मागवून हादऱ्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. वामनरावांनी नीट पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर, बिघडलं होतं, मंग दुरुस्त केलं न? आपला ट्रॅक्टर दुरुस्त करून आणल्यावर आपण चालवतोच न?"
ट्रॅक्टर आकाशात जात नाही, असं मी म्हणालो. त्यावर त्यांच्या आई, सुभद्राबाई, वय अठ्ठ्याहत्तर, ओट्यावरून म्हणाल्या, "मंग विमान कशाले शेतात जाईन?" सगळे हसले. लाटणं माझ्या हातात.
परत येताना एसटीत शारदा म्हणाली, "तुमच्या पोटात काऊन दुखून राह्यलं?" मी म्हणालो, जळगाव जामोद गाडीची वेळ बदललीय वाटतं. विषय बदलण्याची माझी हातोटी आहे.

१७ जानेवारी
वाचनालयाने रविवारी माझं व्याख्यान ठेवलं. 'हेलियन ९००: प्रवास की जुगार?' विषय मीच सुचवला. अध्यक्षही मीच सुचवणार होतो, पण त्यांनी ठरवले होते. वामनरावांना आमंत्रण दिलं. येतो म्हणाले. बिचाऱ्याला कल्पना नाही.

२० जानेवारी, रात्री ८
सभा जोरदार. एकतीस माणसं, चहाच्या आधी. शेवटी मी हात वर करून म्हणालो, "या विमानात मी, चिंतामण मास्तर, जन्मात पाय ठेवणार नाही!" टाळ्या.
मग मागून एक मुलगी उठली. प्रेरणा. माझीच विद्यार्थिनी, सहावी ब. आता नागपूरला विमानं दुरुस्त करते म्हणे. सुटीवर आलीय. म्हणाली, "सरांचं अर्धं खरं आहे. दोष होता. कंपनीने आधी लपवला, तेही खरं. म्हणूनच आता शेपटीचा तो भाग बदललाय आणि ठरल्या वेळी तपासतात. मी स्वतः त्यात बसीन. पण कोणी तपासलं, काय सापडलं, हे लोकांनी विचारत राहिलं पाहिजे."
नंतर अर्धा तास सगळे तिलाच प्रश्न विचारत होते. वामनराव तर तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मी माइक बंद केला तरी कोणाच्या लक्षात आलं नाही.
एकंदरीत, मी तिला व्यासपीठ मिळवून दिलं.

२२ जानेवारी
पेपरात बातमी: 'विमान सुरक्षेवर प्रेरणा यांचे मार्गदर्शन.' तिचा फोटो. शेवटच्या ओळीत: 'श्री. चिंताराम यांनीही विचार मांडले.' शपथ मात्र आलीय. शपथ चौकटीत आलीय. कात्रण शारदाला दाखवलं. ती म्हणाली, "प्रेरणा किती मोठी झाली!"

२४ जानेवारी, सकाळी ९.१५
निवेदिताचा व्हिडिओ कॉल. म्हणाली, "काका, आईबाबांसोबत तुम्ही आणि मावशीही या. तुमची दोन तिकिटं मी काढते. तुमचे पासपोर्ट आहेतच. फक्त हो म्हणा."
(पासपोर्ट आहे. वामनरावांनी काढला त्याच आठवड्यात मी काढला. निव्वळ योगायोग.)
कोणतं विमान, असं मी विचारलं. तेच. वामनरावांच्या शेजारच्या सीट.
शारदा दारात उभी होती. हात पिठाचे. तिचा चेहरा असा झाला होता की तसा मी लग्नानंतर पाहिलेला नाही.
मी विचार केला: लगेच हो म्हटलं तर शोभत नाही. चौकटीत शपथ आहे. दोन-तीनदा आग्रह करतील, मग कुटुंबाच्या सुखासाठी मी नमतं घेईन. म्हणालो, "नाही. माझं तत्त्व आहे."
निवेदिता म्हणाली, "ठीक आहे काका, तत्त्वाचा मान राखते." आग्रह नाही. एकदाही नाही! या पिढीला रीत माहीत नाही.
मग ती म्हणाली, "मावशी, तू?"
शारदा म्हणाली, "हाव. मी येतो."
पिठाच्या हातांनीच म्हणाली.

२५ जानेवारी
शारदाशी बोललो. धोका समजावला. ती म्हणाली, "चाळीस वर्षं तुमी सांगतलं तेवढंच पाह्यलं. आता थोडं खिडकीतून पाहून येतो." भांडली नाही. बॅग मागायला शेजारी गेली.

२८ जानेवारी
नवीन अभ्यास. हेलियन तितकं वाईट नाही. प्रेरणाने सांगितलेला शेपटीचा मुद्दा तपासला, बरोबर निघाला. प्रामाणिक माणसाने मत बदलावं. वामनरावांना फोन केला, सहज. म्हणालो, दुरुस्तीनंतर बरंच सुधारलंय म्हणतात. ते म्हणाले, "अरे वा मास्तर!" म्हटलं, आता तरी आग्रह करतील. ते तुरीच्या भावावर गेले. शेवटी मीच म्हणालो, चौथी सीट रिकामी राहील ना?
"नाही नाही, तुमी काळजी नका करू. आई चालली न तुमच्या जागी. पासपोर्ट तिचाही होताच, काल तिकीट निघालं."
सुभद्राबाई. अठ्ठ्याहत्तर वर्षं. माझ्या जागी.

१० फेब्रुवारी, शेगाव
मुंबईच्या गाडीपर्यंत पोचवायला आलो. आधी महाराजांचं दर्शन. त्यांच्यासाठी सुखरूप प्रवास मागितला. मनापासून मागितला, इथे खोटं लिहायचं कारण नाही.
प्लॅटफॉर्मवर सुभद्राबाई नव्या चपला घालून ट्रंकेवर बसल्या होत्या. मोठ्याने विचारलं, "मास्तर, तुमाले विमानाचं भेव लागते म्हणे?" आजूबाजूच्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं. वामनरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "भेव नाही आई, त्यायचं तत्त्व आहे." थट्टा नव्हती ती. ते खरंच मानतात. थट्टा केली असती तर सोसलं असतं.
शारदाने डब्याच्या दारातून सांगितलं की डाळ डब्यात आहे, गॅसचं बटण नीट बंद करा. गाडी हलली. ती हसत होती.

१२ फेब्रुवारी, सकाळी ६.३०
पोचले असतील. टीव्हीवर काही नाही. तिन्ही चॅनेल पाहिले. म्हणजे पोचलेच.

१२ फेब्रुवारी, सकाळी ११
वामनरावांचं स्टेटस: सुभद्राबाई खिडकीपाशी, नाक काचेला लावून. वाचनालयाच्या चिटणिसांनी तोच फोटो मला पाठवलाय, सोबत वर केलेला अंगठा. मी स्टेटस सहा वेळा पाहिलं. किती वेळा पाहिलं ते त्यांना दिसत नसावं.

१२ फेब्रुवारी, दुपारी ४
शारदाचा फोन. मी आधी विचारलं, हेलियनच होतं ना? हादरे? ती म्हणाली, ऐनवेळी दुसरंच विमान दिलं, नाव तिने पाहिलं नाही. मग एकदम भरभर बोलायला लागली. ढग खाली होते. खाली! त्यावर विमानाची सावली पडली होती आणि सावलीभोवती गोल रंगीत कडं होतं. तिने सगळ्यांना विचारलं, हे काय आहे. वामनराव, आशाताई, उतरल्यावर निवेदिता, कोणालाच सांगता आलं नाही. "तुमी असते तर सांगतलं असतं," ती म्हणाली.
मला माहीत आहे ते काय असतं. उजेड ढगातल्या थेंबांवरून उलट फिरतो म्हणून होतं. मी दरवर्षी शिकवलंय. कधी पाहिलं नाही.
सांगायला सुरुवात केली, पण मध्येच फोन तोंडापासून लांब धरला. ती म्हणाली, "काय झालं? खोकला आला काय?"
मी हो म्हणालो. मला यायचं होतं, असं म्हणणार होतो. त्याऐवजी म्हणालो, तिकडे उन्हात फिरू नकोस, टोपी घाल.