मालशेडची खरी जागा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, निवृत्त स्टेशन मास्तरांची विधवा, देवाला साक्षी ठेवून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. उलट दोन्ही मुले नको म्हणत असताना लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार आणि तारीख दोन्ही सांगितले. दाखल्यावरची तारीख त्यांनी माझ्याकडूनच ऐकून घातली आहे.

१. घर माझ्या नावावर आहे. ते थोरला मुलगा व धाकटी मुलगी यांना निम्मे-निम्मे. बँकेतील ठेव मुलीला. मुलाला हे मान्य आहे. निदान माझ्यासमोर त्याने मान हलवली.

२. शिवणयंत्र सुनेला. ती तेल घालत नाही हे मला ठाऊक आहे, तरी तिलाच. मोठे पातेले बावीस वर्षे जाऊबाईंकडे आहे. ते आता त्यांचेच समजावे. मागायला जाऊ नये, पण आपण विसरलो असेही दाखवू नये.

३. आता मागच्या खोलीविषयी. खरे तर हे सगळे तिच्यासाठीच लिहायला घेतले.

निवृत्तीनंतर ह्यांनी त्या खोलीत आपले जुने स्टेशन सत्त्याऐंशी पटीने लहान करून मांडले. आधी तीन वर्षे नुसता आराखडा चालला होता. त्या स्टेशनात जाऊन सगळे अंतर पावलांनी मोजून वहीत उतरवले. नियम एकच, जे होते तेच, आणि जिथे होते तिथेच. मुलगा म्हणाला, "बाबा, एखादा बोगदा टाका की, मजा येईल." हे म्हणाले, "तिथे बोगदा नव्हता. मजेसाठी तू वेगळी खोली बांध." टेबल किती रुंद करायचे, ते माझा हात पुढे करायला लावून ठरवले. "पुसणार तू आहेस. तुझा हात पोचत नाही तिथे रूळ नको." खोली लहान पडली तेव्हा यार्डाचे एक टोक कापावे लागले. जिथे जिथे असे छाटले, तिथे तिथे आराखड्यावर लाल पेन्सिलीने तशी नोंद केली. माणूस असा काटेकोर.

४. त्या स्टेशनात आमच्या काळात एक अपघात झाला होता. बाजूच्या रुळाच्या टोकाशी एक मालडबा उभा होता आणि मागे सरकत येणारी गाडी त्यावर आदळली. रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याने चौकशीत जबाब दिला, "मी टोकाला उभा राहून लाल झेंडी दाखवत होतो. मास्तर केबिनच्या खिडकीत होते. त्यांनी पाहूनही गाडी थांबवली नाही." ह्यांनी जबाब दिला की मालशेडच्या आड ते टोक खिडकीतून दिसतच नाही, सांधेवाल्याने दिसेल अशा जागी यायला हवे होते. सांधेवाल्याची नोकरी गेली. क्वार्टर सोडायच्या आदल्या दिवशी त्याच्या बायकोने नळावर मला हाक मारली. मी बादली उचलून निघून आले. ती आज हयात नाही.

५. हे गेल्यावर रेल्वेच्या प्रशिक्षण शाळेने ही मांडणी मागितली. नव्या मुलांना शिकवायला ठेवणार, ह्यांच्या नावाची पाटी लावणार. देण्यापूर्वी मी वही व टेबल ताडून पाहिले. जुळवून पाहिल्याशिवाय घरातली कोणतीही वस्तू मी बाहेर दिलेली नाही. वहीत केबिन ते मालशेड सत्तर पावले. ह्यांचे पाऊल अडीच फुटांचे. सत्त्याऐंशीने भागले की दोन फूट येतात. टेबलावर भरले सतरा इंच. सात इंच कमी, म्हणजे खऱ्या जागेवर पन्नास फूट. आणि लाल पेन्सिल कुठेही नाही.

मी शिवणाचा काळा दोरा केबिनच्या खिडकीला बांधला आणि बाजूच्या रुळाच्या टोकापर्यंत ताणला. तो शेडच्या भिंतीला अडला. मग शेड उचलून वहीप्रमाणे ठेवली. दोरा सरळ गेला, कुठेही न टेकता. चार दिवस रोज मोजले.

ह्यांनी जाणूनबुजून खोटे मांडले असे मी म्हणत नाही. तीस वर्षे एकच गोष्ट मनात घोळवली की शेडसुद्धा जागा सोडते. पण ह्यांचे नाव मला शेवटी देवासमोर घ्यायचे आहे, नुसते पाटीवर लावायचे नाही.

मुलगी म्हणाली, "आई, गेलेल्या माणसाची कशाला शोभा करतेस? सात इंचांनी कुणाचं काय बिघडतंय?" मी म्हटले, "ज्याचं बिघडलं तो तीन गल्ल्यांपलीकडे राहतो. त्याला विचारून ये." ती गेली नाही. मुलगा म्हणाला, खोलीच लहान होती, बाबांनी जुळवून घेतलं असेल. त्याला मी आराखडा दाखवला. त्याने चहा मागितला.

६. म्हणून माझी इच्छा अशी: मांडणी प्रशिक्षण शाळेलाच द्यावी. शेड वहीप्रमाणे ठेवावी, वही सोबत द्यावी, आणि पाटीखाली लिहावे की या खिडकीतून टोक दिसत होते व सांधेवाल्याचा जबाब खरा होता. शाळेला हे नको असेल तर मांडणी देऊ नये, रूळ उखडावेत. शेड पुन्हा पुढे सरकवणाऱ्याला माझ्या घराचा वाटा नाही. अंमलबजावणी मुलीने करावी. तिला हे जड जाईल, म्हणूनच तिच्यावर सोपवते.

७. हे कलम सहीपूर्वी, सांधेवाल्यांना समोर बसवून लिहिते आहे. मी स्वतः जाऊन त्यांना बोलावून आणले. खोली दाखवली. ते खिडकीपाशी वाकून बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "माझी जागा बरोबर धरलीय मास्तरांनी. इथेच होतो मी." मी माफी मागितली. ते म्हणाले, "बाई, फार उशीर केलात." हे त्यांचे म्हणणे खरे आहे व मी ते तसेच लिहिते.

बँकेतील ठेवीतून त्यांना काही द्यावे असे माझ्या मनात होते. तसे बोलल्यावर साक्षीला आलेल्या डॉक्टरांनी सांगितले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये. मी पैसे आणि साक्ष या दोन्ही गोष्टी त्यांच्यापुढे ठेवल्या व कोणती हवी ते विचारले. त्यांनी खिशातून चष्मा काढला.

"पैसे राहू द्या. सही कुठे करायची ते दाखवा. त्या वेळी माझ्या सहीला कुणी विचारलं नव्हतं."

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. मग त्यांच्या देखत मी सही केली व माझ्या देखत त्यांनी केली.

स्थळ: घराची मागची खोली
तारीख: नऊ मार्च, सोमवार, सकाळी अकरा

लिहून देणार: (सही) मास्तरांची पत्नी

साक्षीदार पहिले: (सही) डॉक्टर

साक्षीदार दुसरे: (सही) सांधेवाला. सहीखाली त्यांच्याच अक्षरात: "मजकूर ऐकला. बरोबर आहे."