ताइयेच्या नावाने हजर

इबादान,
१९ जानेवारी

प्रिय ताइये,

देवाच्या कृपेने मी बरा आहे, तूही असशील. आईचे गुडघे दुखतात, पण जीभ शाबूत आहे. कोरडा वारा सुटलाय, सगळ्यांचे ओठ फुटलेत. हे पत्र तुझी वहिनी मोजिरायो बसस्टँडजवळच्या चवळीवालीकडे ठेवील. तू तिथे जेवतोस हे मला कसं कळलं, ते पुढे सांगतो.

मी तुझा फोटो पाहिला. वीस वर्षांनी. हातात चवळीचं ताट, तोंड भरलेलं. कानाशी पांढरा झालास. पोट सुटलंय, माझं नाही सुटलं. पण चेहरा तोच, देवाने एकदाच घडवून दोघांना दिलेला. मामा मंडळी आईच्या मागे लागली होती, गेलेल्या जुळ्याची लाकडी बाहुली करून घे, तिला जेवू घाल. आई म्हणायची, "माझा पोरगा जिवंत आहे. लाकडाला कशाला चवळी वाढू?" तिचंच खरं ठरलं.

फोटो बसस्टँडवरच्या पोलिसांच्या कॅमेऱ्यातला आहे, मागे चवळीवालीचा ठेलाही दिसतो. एक मोबाईलचं दुकान फुटलं, तिथेही हाच चेहरा दिसला म्हणतात. मागच्या आठवड्यात मी सिमेंट आणायला बाजारात गेलो. कॅमेऱ्याने मला पाहिलं आणि यंत्राने तुझं नाव सांगितलं.

आता सांगतोच. मी चौकीच्या कोठडीतून लिहितोय.

तुझ्या बोटांचे ठसे जुन्या कुठल्याशा भानगडीपासून त्यांच्याकडे आहेत. माझे त्यांच्याशी ताडून पाहिले की मी सुटतो. पण सिमेंटच्या विटा पाडून पाडून माझी बोटं गुळगुळीत झालीत. काचेवर कितीही दाबली तरी यंत्राला काही दिसेना. सार्जंट ओक्पे वैतागला.

"अरे बाबा, ही बोटं आहेत की साबणाच्या वड्या?" मग डोळे बारीक करून म्हणाला, "तुमच्या भागात तर घरोघरी जुळी. तुझा जोडीदार कुठाय?"

"वीस वर्षांत भेटला नाही, साहेब." हे खोटं नव्हतं.

"असू दे. हातांना जरा आराम दे. नवी कातडी आली की बोटंच बोलतील."

सकाळी तो हजेरी घेतो. "ताइये!" मी "हजर" म्हणतो. हे मात्र खोटं आहे, आणि त्याची प्रार्थनेत रोज क्षमा मागतो. पण आई रडते म्हणून घरात तुझं नाव कोणी घेईनासं झालं होतं. इथे ते रोज मोठ्याने घेतात. ऐकून बरं वाटतं.

मोजिरायोने बोटांना लावायला शियाच्या बियांचं लोणी आणून दिलं, कातडी मऊ करणारं. "हे चोळा आणि घरी या. त्याच्यापायी किती दिवस बसणार इथे?" चिडली, तिचं चुकलं नाही. डबी उशाशी आहे, उघडलेली नाही. कातडी तशीही येतेच आहे. अंगठ्यावर बारीक रेघा दिसायला लागल्यात. चेहरा एकच दिला, तरी रेघा देवाने वेगळ्या दिल्या. त्या यंत्राला दिसल्या की मला सोडतील आणि तुला शोधायला दंडुके घेऊन निघतील. त्याआधी तू आपणहून यावंस. मी शेजारी उभा राहीन.

दुकान तू फोडलंस का, ते विचारत नाही.

आई सांगायची, आठवतं? पोटातूनच मी, थोरला म्हणून, तुला पुढे धाडलं: जा, जग कसं आहे चाखून बघ. तू रडून हाक दिलीस, मग मी मागून आलो; आपल्यात मागून येतो तोच थोरला. या खेपेला मी आधी आलोय. चाखून पाहिलं. फरशी गार आहे, चवळीत खडे लागतात, पण सार्जंट माणूस वाईट नाही. दोघांपुरती जागा आहे.

ये.

तू येईपर्यंत तुझ्या नावाला ओ देणारा,
तुझा थोरला
केहिंदे