माहेरचं विरजण

आई,

तुझ्या विरजणाबद्दल लिहायचं आहे. तीर्थरूप, साष्टांग वगैरे घालत बसत नाही, तू असतीस तर म्हणाली असतीस, "मुद्द्याचं बोल बाई, गॅस चालू हाय." तुला जाऊन सोळा वर्षं झाली. जन्मभर मी कागदावर कागद लिहिले, पण तुला एक पत्र लिहिल्याचं आठवत नाही. फोन होता ना. सध्या आठवडाभर राहुरीला आले आहे, तुझ्याच स्वयंपाकघरात बसले आहे. धाकट्यानं ओट्याला ग्रॅनाइट लावलंय, तुला आवडलं नसतं.

तेव्हा इथे कडप्पा होता आणि त्याच्या कोपऱ्यात तुझं दह्याचं भांडं. दादा विद्यापीठातून सायकलवर यायच्या आत तू दूध तापवून कोमट करायचीस, करंगळी बुडवून बघायचीस आणि आदल्या दिवशीचं चमचाभर दही त्यात सोडायचीस. हे विरजण सोनईचं. तुझ्या आईनं लग्नात ओटीसोबत दिलेलं. "माझ्या माहेरचं विरजण, एक दिस खाडा न्हाई," हे तू घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवायचीस. दादांच्या बहिणींना, तुझ्या नणंदांना, तर जरा मोठ्यानंच. गल्लीतल्या बायका तुझ्याकडे विरजण मागायला यायच्या, तू द्यायचीस. पण दुसऱ्याचं कधी घेतलं नाहीस. "परक्या भांड्यातलं एक बोट जरी पडलं तरी चव बदलती, मग मागारी येत न्हाई." औषधशास्त्रात डॉक्टरेट घेतल्यावर सांगते, तुझं हे वाक्य शास्त्राला धरून होतं.

मी बारा वर्षांची आहे. मामाच्या मुलीचं बारसं म्हणून तू धाकट्याला घेऊन तीन दिवस सोनईला गेली आहेस. जाताना बजावलंयस, "रोज चमचाभर राखून ठेव, बाकीचं काय बी कर." दोन दिवस मी ठेवलं. तिसऱ्या दुपारी साखर घालून अख्खं भांडं चाटूनपुसून खाल्लं, वर शहाण्यासारखं राखेनं घासून पालथं घातलं. पालथं घातल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तू दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं येणार होतीस. मी रडत कुंपणाला गेले. पलीकडे चाची. त्यांच्या दारात म्हैस, दह्याला त्यांना कुणाचं तोंड बघावं लागत नसे. त्या म्हणाल्या, "रडती कशाला येडे? घे. इरजन काय कुनाच्या सातबाऱ्यावर असतं व्हय?" मी वाटी पदराखाली लपवावी तशी फ्रॉकात लपवून आणली. रात्रीत दही लागलं. दुसऱ्या दिवशी तू आलीस, जेवायला बसलीस, पहिल्या घासाला जराशी थांबलीस. "काय गं, दही कसं झालंय?" मी म्हटलं, नेहमीसारखंच. तू म्हणालीस, "बरं."

पुढे मी श्रीरामपूरच्या कॉलेजला जायला लागले, डब्यात दहीभात. मग पुणे. मी उंदरांच्या मेंदूवर काम करते, त्यांना विसरायला लावणारं आणि आठवायला लावणारं औषध शोधते, असं तुला समजावलं, तेव्हा तू पदराला हात पुसत म्हणालीस, "म्हंजी उंदराला इसराळू करायचा पगार? आन तुझ्या दादाला आठवायचं काय हाय का त्यात? कालधरनं चष्मा शोधत्यात." निघताना स्टीलच्या डबीत विरजण दिलंस. मी ते हॉस्टेलवर चालवलं, मग माझ्या घरी. दर रविवारी फोनवर तुझा एक प्रश्न ठरलेला: दही कसं होतंय? मी म्हणायची, नेहमीसारखं. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला बोलायला विषय नसतो.

मेंदूकडून मी कॅन्सरकडे कशी गेले हे तुला कधी नीट सांगितलं नाही. आठवणीसाठीचं आमचं औषध फसलं, पण मेंदूतल्या गाठीच्या पेशींवर टाकल्यावर त्या वाढायच्या थांबल्या. या पेशी चपट्या बाटलीत जिवंत ठेवतात. त्यांना खाऊ घालायचं, वाढल्या की थोड्या काढून नव्या बाटलीत घालायच्या, रोज कोमट ठेवायच्या. तुझंच काम, फक्त कडप्प्याऐवजी काचेची पेटी. नियम एकच: एका वेळी एकाच जातीच्या पेशी बाहेर काढायच्या. एके दिवशी मला लवकर घरी जायचं होतं. मी मेंदूच्या आणि दुसऱ्या एका अवयवाच्या, भराभर वाढणाऱ्या, पेशी एकदमच काढल्या. खाद्याची बाटली एक, नळी एक. एक थेंब इकडचा तिकडे जायला काय लागतं? पंधरवड्यानं मेंदूच्या पेशी जास्त गोल दिसू लागल्या, वाढूही लागल्या जोरात. मी ते पाहिलं होतं, आई. चव बदललेली मला कळली होती. मी म्हटलं, आता रुळल्या. औषधाचा परिणामही त्यांच्यावर जास्त छान दिसत होता, मग कोण कशाला खोलात जातं? त्यावर शोधनिबंध निघाला, नगरच्या पेपरात फोटो आला. तो कापून तू कपाटाच्या दाराला आतून डकवलास आणि गल्लीतल्या सगळ्यांना कपाट उघडून दाखवलंस. पुढची नोकरी, पुढची पदं, सगळं त्या निबंधावर उभं राहिलं.

गेल्या हिवाळ्यात एका मासिकानं नवा लेख घेण्याआधी पेशींच्या ओळखीचा दाखला मागितला. ही तपासणी पूर्वी कुणी मागत नसे. मी नमुने पाठवले. दोन्ही जाती एकदम काढल्या त्या दिवसाच्या आधी गोठवून ठेवलेल्या पेशी मेंदूच्या निघाल्या. नंतरच्या सगळ्या त्या दुसऱ्या. मेंदूची एकही पेशी शिल्लक नव्हती, बाटलीवर नाव मात्र तेच. अहवाल फक्त माझ्याकडे आला. जुन्या बाटल्या फेकून नव्या मागवल्या असत्या तर कुणी काही विचारलं नसतं, निवृत्तीला दोनच वर्षं आहेत. पण माझ्या निबंधावर विसंबून आजही कुणी मेंदूच्या गाठीसाठी त्या औषधामागे वर्षं घालवत असेल, हेही मला माहीत होतं. तरी चार महिने अहवाल खणात ठेवला. भीती वाटली. नाव जाईल, लोक हसतील, याची भीती. इतकी साधी.

परवा चाचींकडे गेले. खूप थकल्या आहेत, खाटेवरच असतात, जीभ मात्र तशीच. गप्पांत मी हसत हसत म्हटलं, चाची, ते विरजण आठवतं का, आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

"आगं, तिला म्हाईत हुतं की! त्याच दुपारी आल्ती कुंपनापाशी. म्हनली, तुमच्या घरचं दही माझ्या भांड्यात कसं? मी सांगितलं. लई हसली. मंग म्हनली, तुमी काय बोलू नका, पोरगी सांगंल आपली आपन."

"मग?"

"मंग काय? मी मधनंमधनं इचारायची, सांगितलं का पोरीनं? न्हाई म्हनायची. शेवटाला दवाखान्यातून आली तवा बी इचारलं. म्हनली, आज परत इचारलं मी तिला. नेहमीसारखं म्हनती."

घरी येताना दुसरी एक गोष्ट ध्यानात आली. त्या बारशानंतर 'माझ्या माहेरचं विरजण' हे शब्द तुझ्या तोंडून मी ऐकले नाहीत. आत्या येत होत्या, गल्लीतल्या बायका येत होत्या, तू विरजण देत होतीस, पण सोनईचं नाव काढत नव्हतीस. ज्याचा तुला एवढा तोरा, तो तू एका दुपारीत सोडून दिलास, कुणी मागितलाही नव्हता. मला इतक्या वर्षांत ते दिसलं नाही, आणि लोक मला निरीक्षणाचा पगार देत होते. मला तुझा राग आला, खरंच. एकदा कान धरून विचारलं असतंस तर? मग आठवलं, तू विचारतच होतीस.

आज सकाळी या ओट्यावर लॅपटॉप ठेवून त्या निबंधाच्या मासिकाला लिहिलं. पेशी त्या नव्हत्या, चूक माझ्या हातची, संशय मला तेव्हाच यायला हवा होता. हे शेवटचं वाक्य खोडलं आणि 'आला होता' असं लिहिलं. निबंध मागे घ्यावा म्हणून कळवलं आणि पाठवून टाकलं. पुढे काय होईल ते होईल. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, घडी करून स्टीलच्या डबीत ठेवते आहे. डबी अजून माझ्याकडेच आहे, झाकण तेवढं नीट बसत नाही.

तू विचारलं होतंस. दही वेगळं झालं होतं, आई. पहिल्याच घासाला कळलं होतं. आणि रागावू नकोस, मला ते जास्त आवडलं होतं.