खिशाच्या मापाचा पुठ्ठा

बाबा, काल मी द्वारकेच्या मार्केटमध्ये स्वतःसाठी फोन घ्यायला गेले होते. दुकानदाराला म्हटलं, हातात मावेल असा छोटा दाखवा, आणि आत फालतू काही नको. तोंडातून शब्द निघून गेल्यावर लक्षात आलं की हे माझे नाहीत, तुमचे आहेत. दुकानदार हसला. "मैडम, छोटा फोन अब कौन लेता है? बड़ा लीजिए, आराम से पिक्चर देखिए." आठ वर्षांपूर्वी मी तुम्हाला हेच सांगितलं होतं, फक्त मराठीत. मला तिथे उभं राहवेना. मिळाला तो छोटा फोन घेतला आणि घरी आले. घरी म्हणजे तुमच्याच फ्लॅटवर. गेल्या महिन्यात गुरुग्राम सोडून मी इथे राहायला आले आहे.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीआधी तुम्ही मला पुठ्ठ्याचा एक तुकडा दिला होतात. जुन्या फाइलच्या कव्हरचा, कात्रीने नीट कापलेला, कोपरे गोल केलेले. तुमच्या बुशशर्टाच्या खिशाचं माप होतं ते. "या मापाचा बघ," तुम्ही म्हणालात. "मेट्रोत एका हाताने दांडा धरायचा म्हणजे दुसऱ्या हाताचा अंगठा सगळीकडे पोचला पाहिजे. आणि आत नुसता फोन असू दे, लग्नाचा बस्ता नको." मी तो पुठ्ठा ऑफिसात नेला आणि सगळ्यांना दाखवला. "यार, तेरे पापा तो कमाल हैं!" म्हणून सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसले. मग बरेच दिवस त्या पुठ्ठ्यावर मी चहाचा कप ठेवत होते. पुढे तो कुठे गेला, मला माहीत नाही. दिवाळीला कंपनीने आम्हा सगळ्यांना एकेक फोन भेट दिला, ताटाएवढा. माझ्याकडे चांगला फोन होता, म्हणून तो मी तुम्हाला आणून दिला आणि म्हणाले, "खास तुमच्यासाठी घेतलाय." तुम्ही तो खिशात घालून पाहिलात. अर्धा बाहेर राहिला. तुम्ही म्हणालात, "छान आहे."

त्या फोनमध्ये काय काय भरलेलं होतं! खेळ, बातम्या, खरेदी, कर्ज देणारे, भविष्य सांगणारे. दर पाच मिनिटांनी कुणीतरी टिंग करून तुम्हाला हाक मारायचं. दुसरा कुणी असता तर त्याने दुर्लक्ष केलं असतं, पण तुमचा सगळा जन्म केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात, आवक-जावक विभागात गेलेला. आलेला कागद नोंदवल्याशिवाय टेबलावरून हलवायचा नाही ही तुमची शिस्त. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा सुट्टीत एकदा तुम्ही मला ऑफिसात नेलं होतं. मी तुमच्या टेबलाजवळ स्टुलावर बसले आहे, समोर कुठल्याशा दुकानाची एक जाहिरात पडली आहे आणि मी तिची होडी करते आहे. तुम्ही माझ्या हातातून ती काढून घेता, तळहाताने सरळ करता आणि तिच्यावरही शिक्का मारता. "कुणीतरी पाठवलंय म्हणजे कुणीतरी उत्तराची वाट बघत असेल," तुम्ही म्हणता. रागावून नाही, पण मी कानकोंडी होते.

म्हणून तुम्ही वही घातलीत. मोठी, लाल पुठ्ठ्याची, रकाने आखलेली: क्रमांक, कुणाकडून, विषय, शेरा. फोनवर येणारी प्रत्येक सूचना तुम्ही तीत उतरवून घेत होतात. 'आपले कर्ज मंजूर झाले आहे', शेरा: अर्ज केलेला नाही, तसे कळवावे. 'तुमचा गडी मैदानात वाट पाहत आहे', शेरा: ओळख पटत नाही. मी रविवारी आले की तुम्ही चष्मा लावून वही उघडायचात आणि एकेक नोंद वाचून विचारायचात, याचं काय करायचं? पहिल्या दोन रविवारी मला मजा वाटली. तिसऱ्या रविवारी मी खेकसले. "बाबा, प्लीज! याला कुणी उत्तर देत नाही. सोडून द्या ना!" तुम्ही विचारलंत, "मग हे आतून काढून टाकता येतं का?" मी माझ्या फोनवरून मान वर न करता म्हणाले, "नाही येत काढता. कंपनीनेच घातलेलं असतं."

मी तेव्हा काय काम करत होते, ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. बागेत तुम्ही सगळ्यांना सांगायचात, माझी मुलगी फोनच्या लाइनमध्ये आहे. आमच्या कंपनीचं ॲप फोन विकला जाण्याआधीच त्यात जाऊन बसेल, हे बघणं माझं काम होतं. घेणाऱ्यांपैकी कितीजण ते काढत नाहीत, याचा तक्ता मी दर महिन्याला साहेबांना द्यायचे. न काढणारे वाढले की आमची पाठ थोपटली जायची. त्या न काढणाऱ्यांत तुम्ही होतात, बाबा. तुमच्या वहीत आमच्या ॲपच्याही नोंदी आहेत, काल मोजायला घेतल्या आणि मध्येच सोडून दिल्या.

त्यानंतर तुम्ही वही काढली नाहीत. फोन दोनदा खिशातून पडला, एकदा मेट्रोच्या जिन्यावर, आणि मग तो टेबलाच्या खणात गेला. जुना तर आधीच बंद पडला होता. रोज दुपारी दीडला, डबा खाऊन झाला का, असं विचारणारा तुमचा फोन यायचा. तो यायचा बंद झाला. मला वाटलं, बरं झालं, रमले कुठेतरी. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. मधल्या महिन्यांत आपण किती कमी बोललो, हे लक्षात येऊन आजही मला माझी लाज वाटते.

काल नवा फोन लावताना त्यातलं नको ते सगळं काढलं. मग खणातून तुमचा काढला, चार्जिंगला लावला. चालू झाला. काही काढून टाकलं, जे निघेना ते बंद केलं. समोरचा चहा निवायच्या आत झालं. मग वही उघडली. शेवटची नोंद त्या तिसऱ्या रविवारची आहे. 'मुलीस विचारले. काढता येत नाही असे तिचे म्हणणे. ती जाणकार आहे. प्रकरण बंद.'

हे सगळं तुमच्याच वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे. शेवटी जावक क्रमांक घालायला गेले आणि हात थांबला, कारण पाठवणार कुठे? म्हणून मागे जाऊन तुमच्या त्या नोंदीखाली एवढंच लिहिलं: 'काढता येत होते. तिला माहीत होते.' पेन्सिलने लिहिलं आहे, बाबा. पेनने लिहायचं धाडस अजून झालेलं नाही.