तारीख विचारणारी ओळ

अण्णा, तुमची लाकडी फूटपट्टी अजून माझ्याकडे आहे. भिवपुरीच्या वीजघरातली नोकरी सोडून तुम्ही खालापूरजवळच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळायला आलात, ते तिथली शिस्त सोबत घेऊनच. यंत्र सुरू करताना एकाने वहीतली आज्ञा मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती पुन्हा म्हणून दाखवायची आणि मगच करायची. आमचं यंत्र कपाटाएवढं होतं. वीज गेली की त्याचं घड्याळही थांबायचं. वीज आली की मी ओळीखाली पट्टी धरून तीसेक आज्ञा वाचायच्या आणि तुम्ही त्या टाइप करायच्या. लोधिवलीहून एसटीने धावतपळत येणारी मी, बी.एस्सी. झाल्याची ऐट असलेली, आणि काम काय तर शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचायचं. आधी मला हसू यायचं, पुढे पुढे राग यायला लागला.

म्हणून मी ती फाइल केली. सगळ्या आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवल्या. यंत्र चालू झालं की ते त्या आपणच वाचणार आणि आपणच पाळणार. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून छापलेला कागद दोनदा वाचलात. "चांगलं हाय गं," म्हणालात, "पण एक ओळ घाल. तारीख नि पाळी इचारू दे त्याला. माणसानं सांगितल्याशिवाय पुढं जायचं नाय." मी घातली. फाइल शेवटची कोणी बदलली त्याची आद्याक्षरं पहिल्या ओळीत लिहायची, हाही तुमचाच नियम. पण वीज दिवसातून तीन तीनदा जायची आणि दर वेळी हातातलं काम टाकून तारीख सांगायला उठावं लागायचं. मी अजून कायम झाले नव्हते. ते पत्र त्याच महिन्यात निघणार होतं आणि माझं यंत्र कोणी हात न लावता उठतं, हे मला साहेबांना दाखवायचं होतं. एका सकाळी तुम्हाला न विचारता मी ती ओळ काढून टाकली. शेवटची नोंदलेली तारीख आणि पाळी यंत्राने स्वतःच धरावी, असं लिहिलं आणि वर माझी अक्षरं घातली.

दुपारची पाळी नुकतीच लागली आहे. तिच्या चिठ्ठ्या काढायच्या राहिल्यात, म्हणजे यंत्राच्या लेखी अजून सकाळच चालू आहे. वीज जाते, येते. मी डबा उघडून बसले आहे आणि प्रिंटर आपला आपणच खडखडायला लागतो. केवढा आनंद झाला मला. कुठल्या टाकीत काय किती सोडायचं त्या चिठ्ठ्या प्लँटमधला माणूस खिडकीतून घेऊन जातो. तुम्ही आत येता, मागे राहिलेली कार्बन प्रत उचलता. "तारीख कोणी घातली?" मी म्हणते, "यंत्रानंच, अण्णा." चिठ्ठ्या सकाळच्याच होत्या. तीन नंबरच्या टाकीत सकाळचं ॲसिड तसंच होतं. त्यावर तेवढंच पुन्हा पडलं असतं तर टाकी उतू गेली असती आणि व्हॉल्व्हच्या चाकापाशी उभा असलेला माणूस भाजून निघाला असता. जिना चढताना गुडघे धरणारे तुम्ही धावत सुटलात. तुम्ही पोचलात तेव्हा त्याने चाकाला हात घातला होता. कोणाला काही झालं नाही.

संध्याकाळी साहेबांनी फाइल छापून मागवली. वरच्या ओळीत तुमची आद्याक्षरं होती. तुम्ही ओळीखाली बोट धरून ती वाचलीत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "माझीच चूक हाय, साहेब." मी प्रिंटरकडे बघत राहिले. तुम्हाला स्टोअरमध्ये पाठवलं, मला कायम झाल्याचं पत्र मिळालं, पुढे तुमची खुर्चीही. जाताना पट्टी माझ्या टेबलावर ठेवलीत. एकदा धीर करून भिवपुरीला तुमच्या घरी आले, तर चहा पुढे सारत एवढंच विचारलंत, "ती ओळ परत घातलीस ना?" घातली होती. मी निवृत्त होईपर्यंत आमच्याकडे एकही यंत्र तारीख विचारल्याशिवाय पुढे गेलं नाही. नव्या मुली मागून मला हसायच्या, ते मला ऐकू यायचं.

आता तुम्ही नाही, हे पत्र टाकायचं कुठे? पट्टीखालीच ठेवीन. अक्षरं मी बदलली हे तुम्हाला त्या संध्याकाळीच कळलं होतं, तेव्हा ते सांगायला हा खटाटोप नाही. कधी बदलली, ते तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही आवारातून धावत होतात, ते मला काचेतून दिसत होतं. प्लँटचा फोन माझ्या डाव्या हाताशी होता. मी आधी अक्षरं बदलली, मग फोन लावला. तो तुम्हीच उचललात. धापा टाकत म्हणालात, "थांबवलं. घाबरू नको गं, फोन केलास ते बरं केलंस."