‘स्वयंपाकघर’ नावाचा संगणक

कोल्हापूर, गुरुवार, ५ नोव्हेंबर २००९, सायंकाळ

अखिलमंगळवारपेठमंडन, आलस्यधुरंधर, निवृत्तवेतनभोगी आम्ही आज एका फुकट तिजोरीपुढे पराभूत झालो. छायाचित्रे साठवण्याची ही इंटरनेटवरील तिजोरी निःशुल्क असल्याने दोनच संगणक ओळखते. पैकी पहिल्याचे नाव ‘सिंहासन’, म्हणजे अर्थातच आमचा. दुसऱ्याचे ‘स्वयंपाकघर’. ते आमच्या पत्नीने, कुसुमने, मुद्दाम ठेवले होते. “तुमचं राज्य तिकडं, माझं हिकडं,” म्हणाली होती.

ती जाऊन आठ महिने झाले. तिचा संगणकही जळून भंगारात गेला. यादीत नाव तेवढे उरले आहे. आज कन्येने पाठवलेला लॅपटॉप जोडू गेलो, तर तिजोरीची आज्ञा झाली: आधी एक नाव काढा.

दुरुस्तीवाले रमजानभाई म्हणाले, “सर, ते मशीनच न्हाय, मग नाव ठिवून काय करतायसा? काढून टाका की.”

तर्क निर्दोष होता. ‘स्वयंपाकघर’वर बाण नेऊन मी किती वेळ बसलो, कोण जाणे. शेवटी ‘सिंहासन’ काढले.

“चालू मशीन काढलासा व्हय?” रमजानभाईंनी कपाळाला हात लावला.

राज्यत्याग झाला. आता सिंहासनावरील चित्रांना तिजोरीचे दार बंद, म्हणून पर्याय एकच, सीडी. सात भरल्या. कशात काय आहे हे लिहावे, तर सीडीवर लिहायचे पेन वाळून गेलेले. टोपण कोणी उघडे ठेवले? संशय घ्यायलाही घरात मी एकटाच. आणि सातही सीड्या दिसायला अगदी सारख्या.